दातानं तोडलेला दोरा

आधीच सांगून ठेवते, माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून कच्चं. चौथीनंतर हातात पेन आलं ते सही करण्यापुरतं. मुलीच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी राहिली होती, त्यांवर हे लिहिते आहे. वही कोणाच्या हाती पडलीच, तर चुका पोटात घालाव्यात आणि मावशीकडे पाहावं.

मावशीकडे पाहायचं म्हणजे आधी तिच्या तोंडाकडे. हार ओवून झाला की ती गोंडा बांधायची, गाठ मारायची, दोरा ओठांपाशी न्यायची आणि मान जराशी डावीकडे झटकायची. कट्. दोरा तुटला. पुढचा हार. अकोल्याच्या फुलबाजारात सगळ्यांकडे कात्री होती, तिच्याकडे नव्हती. कोणी विचारलं तर म्हणायची, "दोन हात फुलात गुतले. मंग तिसरा हात कोठून आणू? देवानं तोंड देल्लं ना!"

तुम्ही निरखून पाहिलं असेल, तर ठाऊक असेल. कात्रीनं कापलेल्या दोऱ्याचं टोक सरळ असतं. दातानं तोडलेलं टोक चपटं होतं आणि पिंजल्यासारखं फुलतं. हारांच्या ढिगातून मावशीचा हार मी फुलं न बघता, नुसतं टोक बघून काढून द्यायची.

मी तिच्याकडे ओवायला बसले तेव्हा मुलगी लहान होती. नवरा ऑटो चालवतो, घराला माझाही हातभार हवा होता. पण ओरडून माल विकणं मला जमत नव्हतं. गिऱ्हाईक समोर आलं की माझी जीभ टाळूला चिकटायची. म्हणून मावशीनं माझं नाव मुकी ठेवलं. "ए मुके, झेंडू इकडं सरकव वं." "मुके, पाणी शिपड, मोगरा मलूल होऊन राह्यला." त्या नावात टोचणी नव्हती. तिनं बोलायचं आणि मी ओवायचं, अशी आमची वाटणी होती आणि ती दोघींना मानवली होती.

एकदा एक गृहस्थ हार घ्यायला आले. त्यांनी तिला दोरा दातात धरताना पाहिलं आणि ते मागे सरकले.

"अहो बाई, देवाचा हार आहे. उष्टा करता?"

मावशीनं मान वर केली. "सकाळी दात घासले म्या, आंघोळ केली, मंग फुलाले हात लावला. तुमची आंघोळ झाली का साहेब?"

शेजारी नारळ विकणारे चाचा फिस्सकन हसले. गृहस्थांच्या हातात दुधाची पिशवी होती आणि केस विस्कटलेले होते. ते पैसे ठेवून गेले. पुढच्या गुरुवारी पुन्हा आमच्याकडेच आले, भांग पाडून. "घ्या, धुतल्या तोंडाचा हार," मावशी म्हणाली आणि हसली.

तिचं हसणं म्हणजे पुढचे सगळे दात बाहेर, डोळे गच्च मिटलेले आणि मांडीवर थाप. हार घेणारा कितीही घाईत असला तरी ते हसणं पाहून क्षणभर थांबायचा, आणि थांबला की एखादा गजरा जास्तीचा घ्यायचा.

मग बाजारात नायलॉनचा दोरा आला. सुती दोरा ओल्यानं कुजतो, हा कुजत नाही आणि पडतोही स्वस्त. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्यापुढे झेंडूचे ढीग लागले होते. मावशीनं नायलॉन ओठांपाशी नेला, मान झटकली. दोरा तुटला नाही. तिनं पुन्हा जोरानं झटकली. या वेळी आवाज आला, पण तो निराळा होता. तिनं तळहात तोंडाखाली धरला. दोरा तसाच होता. वरच्या पुढच्या दाताचा तुकडा तळहातावर पडला होता.

"व माय," ती म्हणाली, "दोरा जिकला."

त्या दिवशी बाकीचे हार तिनं रक्त थुंकत थुंकत पुरे केले. दोरे मी कापले, चाचांकडून चाकू घेऊन. नंतर आम्ही पुन्हा सुती दोराच आणू लागलो.

अकोल्यातल्या डॉक्टरांनी फोटो काढला. दात मुळापर्यंत चिरला होता, काढावाच लागला. शेजारच्या दाताच्या धारेवर त्यांना बारीकशी खाच दिसली. वर्षानुवर्षं दोरा तिथूनच ओढल्यानं ती पडली होती. त्यांनी रिकाम्या जागेसाठी काढता-घालता येणारा एक दात करून दिला. गुलाबी पट्टीला चिकटवलेला पांढरा दात, रात्री काढून पाण्यात ठेवायचा.

त्या दाताशी मावशीचं कधी पटलं नाही. बोलताना तो सुटायचा, आणि बाजारात तर ओरडून बोलावं लागतं. उन्हाळ्यात एकदा तिनं "मोगरा घ्या मोगरा" अशी हाक दिली आणि तोंड घट्ट मिटून माझ्याकडे पाहत राहिली. दात समोरच्या मोगऱ्याच्या टोपलीत पडला होता. पांढऱ्या कळ्यांत पांढरा दात. आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून कळ्या चिवडू लागलो. एक नवरी मुलगी तिच्या आईबरोबर गजरे घ्यायला उभी होती. "काय हरवलं?" ती विचारू लागली. मावशी पदर तोंडाला लावून म्हणाली, "सुई, बाई, सुई. थांब थोडी, टोचन तुले."

दात मिळाला. मावशीनं तो धुतला, पदराच्या टोकाला बांधला आणि पुन्हा तोंडात घातला नाही.

त्यानंतर ती हसेनाशी झाली. म्हणजे हसायची, पण पदराआडून, खांदे हलवून. हाक द्यायची तीही खाली मान घालून. मला पदर तोंडाशी धरायची सवय लहानपणापासून होती, त्यामुळे आम्ही दोघी तशा बसलो की चाचा म्हणायचे, "क्या मौसी, आता इथी दोन मुक्या झाल्या का?" ते थट्टेनं म्हणायचे, पण मला बरं वाटायचं नाही. एका दुकानाला एक मुकी पुरे होती.

अमरावतीला एक मॅडम स्क्रूचे दात बसवतात, असं त्याच डॉक्टरांनी सांगितलं. मावशीनं एकटीनं जायचं नाही म्हणून मला बरोबर घेतलं. मूर्तिजापूर, बडनेरा करत एसटी अमरावतीला लागेपर्यंत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती.

मॅडम वयानं तिच्या मुलीएवढ्या. त्यांनी आधी दुसरा एक मार्ग सांगितला. दोन्ही बाजूंचे दात घासून बारीक करायचे आणि त्यांच्या आधारानं मधे दात बसवायचा, पुलासारखा. मावशीला ते पटेना.

"माहा दात गेला, त्यात शेजाऱ्याइचा काय गुन्हा? त्याइले काहून घासता?"

मग मॅडमनी जबड्याचा नमुना दाखवला. हाडात एक बारीक स्क्रू बसवायचा, टायटॅनियम नावाच्या धातूचा. तो दाताच्या मुळाची जागा घेतो. काही महिन्यांत हाड त्याच्याभोवती वाढून त्याला घट्ट धरतं. मग त्यावर दांडी, आणि दांडीवर दातासारखी कॅप. शेजारच्या दातांना हात लावावा लागत नाही. मात्र साखर तपासायची, हाड पुरेसं आहे का ते पाहायचं, आणि हाड धरेपर्यंत स्क्रूला हलू द्यायचं नाही.

खर्च ऐकून मावशी म्हणाली, "मॅडम, इतक्यात म्हैस येते. म्हैस दूध तरी देते."

मॅडम रागावल्या नाहीत. "मावशी, दात गेल्यापासून मोकळं हसलात का कधी?"

मावशीनं पदर ओढला आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नाही म्हटलं. त्या दवाखान्यात मी दिलेलं ते एकच उत्तर.

बाजारातल्या आम्हा बायकांची भिशी आहे. दर महिन्याला सगळ्याजणी पैसे टाकतात आणि जिची चिठ्ठी निघेल तिला सगळी रक्कम मिळते. त्या महिन्यात मावशीची चिठ्ठी निघाली. कांदे विकणारी म्हणाली, "या वयात दात बसवून काय लगन करतं?"

"करतो ना. वरमाला घरचीच हाये. नवरदेव तेवढा पाह्य तू."

स्क्रू बसला. वर दिसण्यापुरता एक तात्पुरता दात लावून मॅडमनी बजावलं, "हा फक्त दिसायला आहे. यानं काही चावायचं नाही, तोडायचं नाही." मावशीनं शपथ घेतल्यासारखी मान डोलावली. पोळी ती वरणात भिजवून खायची. पेरू पाहिला की तोंड फिरवायची. कधी नव्हे ती कात्रीही विकत आणली.

पण गणपती आले. पहाटेपासून गिऱ्हाइकांच्या रांगा, खाली मान घालून आम्ही ओवतोय, आणि कात्री फुलांखाली कुठं गेली ते कोणाला ठाऊक नाही. गणपती उठले आणि दात हलू लागला.

अमरावतीला मॅडमनी बोट लावून पाहिलं. "मावशी, यानं काही तोडलंत का?"

"नाई व मॅडम! पोळीबी भिजवून खाल्ली. इचारा या मुकीले."

मॅडमनी चिमट्यानं हिरडीच्या कडेतून काहीतरी ओढलं आणि दिव्याखाली धरलं. दोऱ्याचा पिवळा तंतू होता, झेंडूच्या रंगात भिजलेला.

मावशी किती वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. ती खोटं बोलली नव्हती. तिला खरंच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, मी माझ्या सुईकडे पाहत होते.

"माह्या तोंडानं मले इचारलंबी नाई," ती हळू आवाजात म्हणाली.

स्क्रू काढावा लागला. हाड भरून यायला काही महिने थांबायचं होतं, मग तिथं हाडाची पूड घालून दुसरा स्क्रू. मॅडम म्हणाल्या, "माझ्या कामाचे मी पुन्हा घेणार नाही, सामानाचे तेवढे द्या. पण मावशी, आधी सवय सोडा. सवय सुटल्याशिवाय मी स्क्रू बसवणार नाही. तिथलं हाड पुन्हा झिजलं तर मलाही काही करता येणार नाही."

परतीच्या एसटीत मावशीनं खिडकी मला दिली. बडनेरा मागे पडल्यावर म्हणाली, "मोगऱ्याची फांदी लावली, तं ते काय आपुन रोज उपटून पाह्यतो, मूळ धरलं का म्हून? म्या माह्या तोंडातलं कलम उपटलं वं मुके." थोड्या वेळानं ती माझ्याकडे वळली. "आता आयक. म्या दोरा तोंडाकडं नेला का माह्या हातावर चापट मारजो."

"मी? नाही बाई," मी म्हणाले.

"मंग काय मॅडमले अकोल्याले आणू?"

पहिल्या दिवशी तिचा हात वर गेला तेव्हा मी नुसती खोकले. तिनं दोरा तोडला. मग स्वतःच्याच लक्षात येऊन माझ्यावर खेकसली, "खोकून काय होते? तुले सर्दी झाली का? मार ना!" दुपारी मी तिचा पदर ओढला. तोवर दोरा तुटला होता. संध्याकाळी पुन्हा तिचा हात वर जाऊ लागला, आणि मी डोळे मिटून मारलं. चापट जरा जोरातच बसली. शेवंती उडून रस्त्यावर पडली.

मी रडायच्या बेतात होते. मावशी हात चोळत म्हणाली, "हां. अशी पायजे."

मग ते रोजचंच झालं. ओवायचं एका डोळ्यानं आणि मावशीच्या हाताकडे पाहायचं दुसऱ्या डोळ्यानं. कात्री मी तिच्या गळ्यात लाल दोऱ्यानं बांधली. तरी हात वर जायचाच. बाजारात बोभाटा झाला की ती मुकी म्हातारीला मारते. धुतल्या तोंडाचा हार नेणारे ते गृहस्थ एका गुरुवारी उभे असतानाच माझी चापट बसली. ते भडकले. "ए बाई, लाज नाही वाटत? आईच्या वयाची आहे ती!"

मावशी मुद्दाम काही बोलली नाही. सुई हातात घेऊन माझ्याकडे पाहत राहिली. चाचाही नारळ फोडायचे थांबले.

"दाताचं... दाताचं ऑपरेशन आहे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "त्यांना दोरा तोडायचा नाही. त्यांनीच मारायला सांगितलं आहे. हार घ्या तुमचा, कात्रीनं कापलाय. आज उष्टा नाही."

गृहस्थ हार घेऊन गेले. मावशी पदराआड इतकी हसली की तिला ठसका लागला. "मुकी बोलली हो चाचा! नारळ फोडा एक!" आणि चाचांनी खरोखर फोडला. खोबऱ्याचा मोठा तुकडा त्यांनी मला दिला. मावशीच्या वाट्याचं खोबरं मी किसून दिलं.

लग्नसराई येईपर्यंत चापटा कमी होत गेल्या. एक दिवस सबंध दिवसात एकही पडली नाही. घरी जाताना मला काहीतरी विसरल्यासारखं वाटत राहिलं.

त्या महिन्यात भिशीची चिठ्ठी माझी निघाली. त्या पैशांत मी स्वयंपाकघरात ओटा बांधणार होते, उभ्यानं भाकरी करता यावी म्हणून. मी रक्कम रुमालात बांधून मावशीच्या मांडीवर ठेवली. तिनं ती परत माझ्या मांडीवर टाकली. पुन्हा मी ठेवली. तिनं हात वर केला तसा मी त्या हातावर एक चापट मारली, दोरा नसताना. तेव्हा कुठे तिनं रुमाल घेतला. "उसने हायेत," ती म्हणाली. "एक रुपयाबी नाई ठेवणार तुहा."

दुसरा स्क्रू बसला तेव्हा मी तिचे पाय धरून उभी होते. भोक पाडायच्या यंत्राचा आवाज होत होता, पाण्याचा फवारा उडत होता. ती हलली नाही, नुसती पायाची बोटं आवळून धरली होती. नंतर मॅडमनी फोटो दाखवला. काळ्या-पांढऱ्या हाडात तो स्क्रू उभा होता, दाराच्या बिजागरीला असतो तसा. या वेळी वर दिसण्यापुरता दातही लावला नाही. मावशीनंच नको म्हटलं. "दिसाचं काय, पदर हाये. धरू द्या त्याले."

पुढचे महिने ती खिंडार घेऊन बाजारात बसली. कात्री गळ्यात, दोरा हातात. कधी हात अर्ध्यावर यायचा आणि तिथंच थबकायचा. ती माझ्याकडे तिरकं पाहायची. "पाह्यलं का? तुह्या हाताचं काम गेलं."

मॅडमनी तपासून सांगितलं की हाडानं स्क्रू धरला आहे. मग माप घेतलं, दांडी बसवली आणि कॅप आली. रंग शेजारच्या दातासारखाच, थोडा पिवळसर. मॅडमनी आरसा दिला. मावशीनं ओठ वर केले, खाली केले. हसली मात्र नाही. जिभेनं चाचपत राहिली, जसं कोणी नव्या घरात भिंती चाचपतं. मॅडम म्हणाल्या, "आता जेवा, हसा, बोला. दोरा मात्र तोडायचा नाही हं."

ती हसली ती परतीच्या एसटीत. कंडक्टर म्हणाला, "आजी, पुढं सरका," आणि ती म्हणाली, "आजी कोनाले म्हंतं रे? दात आत्ताच आला मले." आणि मग पदर खाली, डोळे गच्च मिटलेले, मांडीवर थाप. थाप माझ्या मांडीवर पडली. कंडक्टर हसला, पुढची बाई वळून हसली, आणि मीही. माझा पदर कुठं होता ते मला आठवत नाही.

मावशी आता अकोल्यात नाही. तिची मुलगी हिवरखेडला दिली आहे. जावयाच्या शेतात विहिरीजवळच्या तुकड्यात शेवंती लावली आहे, तिथं माणूस हवा होता. जाताना तिनं गळ्यातली कात्री काढून माझ्या गळ्यात घातली. "बस आता माह्या जागेवर. अन् हाका दे. फुलं काय सोता बोलत नाईत."

मी देते हाका. फार मोठ्यानं नाही, पण चाचांना पलीकडे ऐकू जातात.

हिवरखेडहून दर आठवड्याला फुलांची करंडी येते. महिन्याच्या पहिल्या करंडीत तळाशी, केळीच्या पानाखाली, पैशांची पुडी असायची. माझ्या मुलीच्या फोनवर पाठव म्हटलं तर मावशी फोनवर ओरडायची, "जे हाताले लागत नाई ते काय पैसे हायेत?" मी पुडी उघडायची, पैसे काढून घ्यायची आणि दोरा टाकून द्यायची. प्रत्येक पुडीचा दोरा सरळ कापलेला असायचा. कात्रीनं.

आज सकाळी करंडी आली. पुडी नेहमीपेक्षा जाड होती. मी मोजले, पुन्हा मोजले. भिशीतले माझे सगळे पैसे फिटले होते. एक रुपयाही तिच्याकडे राहिला नव्हता.

दोरा टाकणार, तेवढ्यात टोक हाताला लागलं. सुती दोरा होता. टोक चपटं होतं आणि बारीक पिंजल्यासारखं फुललं होतं.

माझा हात आपोआप वर गेला. समोर मावशी नव्हती. मी त्या रिकाम्या पुडीवरच एक चापट मारली, आणि दोरा कात्रीच्या कडीला बांधून ठेवला.